गिरणीचे जाते आणि मुलीची वही

सोलापूरहून एका पालकांचे पत्र आले आहे. पिठाची गिरणी चालवून त्यांनी मुलीला विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवले आहे. तिला पॉवर सिस्टिम्समध्ये, म्हणजे वीज निर्माण करून सर्वत्र पोहोचवण्याच्या शाखेत, एम.टेक. करायचे आहे. वडिलांच्या मते सौर आणि पवन ऊर्जेमुळे वीजकेंद्रे बंद होतील आणि त्या शाखेला काम उरणार नाही, म्हणून तिने आयटीकडे वळावे. 'आपण तिला समजवा', अशी त्यांची विनंती आहे.

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यात तिचे प्रत्येक सेमिस्टरचे गुण आहेत, तिच्या चुलतभावाचा पगार आहे, पुण्यातल्या क्लासची फी आहे. ती स्वतः काय म्हणते, याचे मात्र एकही वाक्य नाही. 'उद्या चार लोकांत काय सांगू?' हे आपले वाक्य मला खटकले, कारण त्या चार लोकांपैकी कोणीही तिच्या जागी चाळीस वर्षे नोकरी करणार नाही. तिच्या आवडीविषयी जे एकमेव आले आहे, तेही तक्रार म्हणून: रात्री ती घरच्या सॉकेटला मल्टिमीटर लावून बसते आणि वहीत ४९.९६, ५०.०२ असे आकडे लिहीत राहते. आपल्याला यात वेळ वाया जाताना दिसतो. ते आकडे विजेच्या वारंवारितेचे आहेत, म्हणजे सेकंदाला विजेची किती आवर्तने होतात त्याचे; आपल्याकडे ती पन्नासच्या आसपास असतात. ही वारंवारिता म्हणजे ग्रीडची, वीजकेंद्रे आणि घरे जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, नाडी, आणि कोणी न सांगता ती मोजावीशी वाटणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले आहेत.

सौर ऊर्जा वाढली की ग्रीड सांभाळणाऱ्यांचे काम संपते, हा आपला समज चुकीचा आहे. गिरणीचे बटण बंद केल्यावरही जाते काही क्षण फिरत राहते, हे आपण रोज पाहता. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतले अवजड रोटर, म्हणजे जनित्रांचे फिरणारे भाग, असेच असतात. एखादे केंद्र अचानक बंद पडले तर बाकीचे रोटर आपल्या फिरण्यातली ऊर्जा देऊन वारंवारितेची घसरण मंदावतात आणि सावरायला काही सेकंद मिळतात. सौर पॅनेलमागे फिरणारे काहीच नसते. तिथला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज ग्रीडला चालेल अशा विजेत बदलणारे उपकरण, बहुधा ग्रीडचा ताल पाहून वीज सोडतो, आणि अडचणीच्या क्षणी तो कसा वागेल हे त्यात कोणी काय भरून ठेवले आहे त्यावर ठरते. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले आणि व्होल्टेज वारंवार कोसळला. असे धक्के किती वेळा सोसायचे याची मर्यादा अनेक पवनचक्की प्रकल्पांच्या सेटिंगमध्ये ठरलेली होती. ती ओलांडताच त्यांनी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट वीज कमी केली, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर जादा भार पडून ती आपोआप बंद झाली आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. वारा होता, पवनचक्क्याही शाबूत होत्या. नडली ती सेटिंग. पुढे २०२१ मध्ये तिथे चार सिंक्रोनस कंडेन्सर सुरू झाले, म्हणजे इंधन न जाळता ग्रीडला आधार देत नुसती फिरत राहणारी यंत्रे. ग्रीडला स्वतः ताल देणारे इन्व्हर्टर घडवणे, त्यांच्या चाचण्या घेणे, हजारो इन्व्हर्टर एकत्र कसे वागतील याचे गणित मांडणे हे काम आता कुठे वाढू लागले आहे.

गेट ही प्रवेश परीक्षा, एम.टेक. आणि सार्वजनिक कंपन्यांची भरती हा मार्ग तिला ठाऊक असेलच. या क्षेत्रात जागा आयटीइतक्या नाहीत आणि पहिला पगार चुलतभावापेक्षा कमी असू शकतो, हेही स्पष्ट सांगतो. प्रोग्रॅमिंग तिने जरूर शिकावे, कारण इन्व्हर्टरचे वागणे सॉफ्टवेअरच ठरवते. ते शिकण्यासाठी शाखा सोडण्याचे कारण नाही.

त्यामुळे तिला समजवण्याचे काम मी घेणार नाही. आज रात्री गिरणी बंद केल्यावर तिच्या शेजारी बसा आणि ती वही उघडायला सांगा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाला जोडले आणि साऱ्या देशाची वारंवारिता एक झाली. आपल्या घरच्या सॉकेटवर दिसणारा आकडा त्या क्षणी केरळातही तोच असतो. हे तिला माहीत आहे का, ते विचारा. पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे आणि त्यासोबत वहीची दोन पाने पाठवावीत.