‘आवाज चांगला लागला होता’ : भाषणाविषयी वाचकांचे तीन प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत भाषणाविषयीची पत्रे बरीच आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक सांगली-सातारा भागातली आहेत. या भागात सोसायटीच्या वार्षिक सभेपासून गणेशोत्सवातील व्याख्यानापर्यंत माणसाला कधी ना कधी माइकसमोर उभे राहावेच लागते, त्यामुळे याचे आश्चर्य वाटले नाही. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या दोन्ही प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार असून कृषी पदवीधर आहे. फळछाटणीच्या आधी गावात झालेल्या चर्चासत्रात मला डाऊनी रोगावर बोलायला सांगितले होते. मी पंधरा दिवस तयारी केली, ४२ स्लाइड बनवल्या आणि रोगाचे जीवनचक्र, तापमान, आर्द्रता, औषधांचे गट असे सगळे पन्नास मिनिटांत, शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडले. शेवटी एका ज्येष्ठ बागायतदारांनी विचारले, “ते सगळं खरं, पण पाऊस उघडल्यावर बागेत जाऊन मी पहिलं काय बघायचं?” ते तर मी बाराव्या स्लाइडवर सांगितले होते. माझे चुकले कुठे?
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : त्या ज्येष्ठांनी तुम्हाला तुमच्या भाषणाचा विषयच हातात ठेवला. दुर्दैव इतकेच, की तो भाषण संपल्यावर मिळाला.

तुम्ही शब्द सोपे केलेत, यात शंका नाही; मात्र मजकूर तेवढाच ठेवलात. पन्नास मिनिटांत ४२ स्लाइड म्हणजे एका स्लाइडला सत्तर सेकंदांच्या आसपास वेळ येतो, आणि एवढ्या वेळात नवी गोष्ट ऐकायची, समजून घ्यायची आणि मागच्या गोष्टीशी जोडायची हे काम कोणत्याही हुशार माणसाला जड जाईल. वाचणाऱ्याला समजले नाही तर तो पान मागे उलटतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. माणूस एका वेळी किती गोष्टी डोक्यात धरू शकतो याविषयी जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये साधारण सात हा आकडा मांडला होता, आणि २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासून तो चारच्या आसपास खाली आणला. तुमची बारावी स्लाइड आली तेव्हा पहिल्या अकरा डोक्यातून उतरल्या होत्या, आणि तेराव्या स्लाइडने बारावीलाही बाहेर काढले.

हे बोलणाऱ्याच्या लक्षात का येत नाही, याचा एक गमतीदार प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त तीन ओळखली गेली. तुम्ही हा खेळ घरी करून पाहा. गणपतीच्या आरतीची चाल टेबलावर वाजवा. तुम्हाला ती टाळ-मृदंगासह ऐकू येईल आणि समोरच्या पोराला नुसतीच टकटक ऐकू येईल. त्या चर्चासत्रात तुमच्या डोक्यात सगळे जीवनचक्र सलग चालू होते, आणि समोर बसलेल्यांपर्यंत त्यातली टकटक पोहोचत होती.

आता हेच भाषण पुन्हा करायचे झाले तर काय करावे? आधी एक वाक्य लिहा, जे श्रोत्याने घरी जाऊन भावाला सांगावे असे तुम्हाला वाटते. माझ्या समजुतीप्रमाणे ते असे असेल : “पान ओले राहिले की डाऊनी येतो, म्हणून पाऊस उघडल्यावर आधी पान उलटून बघा.” हे वाक्य कागदावर सगळ्यात वर ठेवा आणि ४२ स्लाइडपैकी एकेक उचलून विचारा, की ही या वाक्याला काही हातभार लावते का. जीवनचक्रातली एकच गोष्ट उरेल : या रोगाचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरातून पोहत जातात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरतात. ही गोष्ट ठेवायची, कारण पान उलटून का बघायचे याचे उत्तर तिच्यात आहे. वरच्या बाजूचे तेलकट पिवळे डाग आणि त्यांच्याच खाली दिसणारी पांढरी लव, हेही ठेवायचे. औषधांचे गट आणि मात्रा एका छापील कागदावर देऊन तो दारातच वाटायचा. आकडे कानाने लक्षात राहत नाहीत, ते खिशात असलेले बरे. तापमानाचा आलेख काढून टाकायचा.

एक गोष्ट टाकताना तुम्हाला जिवावर येईल. डाऊनीला आपण बुरशी म्हणतो, पण काटेकोर शास्त्रानुसार तो जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, त्याचे नाते तपकिरी शेवाळांशी जास्त जवळचे आहे. ही माहिती मलाही फार आवडते. ती चहाच्या वेळी सांगा. भाषणात फक्त तिचा व्यवहारातला परिणाम सांगा, की भुरी या खऱ्या बुरशीमुळे होणाऱ्या रोगावर चालणारे गंधक डाऊनीवर चालत नाही.

आणि स्लाइडऐवजी रोगट पान घेऊन जा. जुन्या पानोळ्यात छाटणीआधी अशी पाने मिळतात. पारदर्शक पिशवीत तोंड बांधून न्या, नाहीतर आपणच रोग वाटत फिरल्यासारखे होईल, आणि ती पिशवी रांगेतून फिरू द्या. पिशवी शेवटच्या रांगेपर्यंत जाईपर्यंत गप्प राहण्याचे धैर्य मात्र हवे. ते मला अनेक वर्षे जमले नाही.

या चुकीत तुम्ही एकटे नाही. फार वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातल्या एका गावात उसाच्या ठिबक सिंचनावर मी सव्वा तास बोललो होतो. माती, मुळे, खते, अनुदान, काहीही सोडले नाही. भाषणानंतर लोक पांगले, आणि वायर गुंडाळत बसलेला माइकवाला माझ्याकडे बघून मनापासून म्हणाला, “सर, आज आवाज चांगला लागला होता.” त्या दिवशी मिळालेला तो एकमेव अभिप्राय. त्याने त्याच्या कामाचे बोलावे हे योग्यच होते. माझ्या भाषणातले उचलून बोलावे असे काही मी त्याच्या हाती दिलेच नव्हते.

प्रश्न : मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या गावांमध्ये धरण, विसर्ग आणि पूर या विषयावर बोलण्यासाठी मला निमंत्रणे आहेत. क्युसेक आणि टीएमसी ठेवले तर लोक जांभया देतात. काढले तर सहकारी म्हणतात, की सरांनी विषय उथळ केला. सोपेपणा आणि विद्वत्ता यांचा मेळ कसा घालावा?
— एक प्राध्यापक, कराड

उत्तर : सहकारी नदीकाठच्या त्या गावांत राहतात का, हा पहिला प्रश्न. राहत नसतील तर भाषण त्यांच्यासाठी नाही.

तरीही तुमची अडचण खरी आहे, कारण पारिभाषिक शब्द काढला की कधी कधी त्याबरोबर अर्थही निघून जातो. म्हणून शब्द काढण्याऐवजी तो श्रोत्याच्या मापात बसवून पाहा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. पंधरा लिटरच्या दोन बादल्यांना थोडे कमी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि सुमारे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिला की धरणातून एक टीएमसी पाणी कमी होते. कोयनेची साठवणक्षमता १०५ टीएमसीच्या थोडी वर आहे, एवढे एकदा सांगितले की धरण भरत आले असताना मोठा विसर्ग दिवसेंदिवस का चालू ठेवावा लागतो, हे फळ्यावर एकही सूत्र न लिहिता समजते.

पण सांगलीकडच्या गावांत बोलणार असाल तर याहून जवळचे माप लोकांकडे आधीच आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती हे कोणी विसरलेले नाही. किती फुटांना पाणी कोणत्या गल्लीत येते, कोणाच्या उंबऱ्याला लागते, हे लोक तुमच्यापेक्षा अचूक सांगतील. तेव्हा त्यांनाच सांगू द्या. पहिली पाच मिनिटे त्यांना बोलते करा आणि मग तुमचा एक मुद्दा त्या फुटांवर टांगा.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागेल, आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या आक्षेपातला ग्राह्य भाग तोच आहे. “कोयनेतून इतके क्युसेक सोडले की सांगलीत इतके फूट पाणी” असे वाक्य ऐकायला फार सोपे वाटते, पण ते चुकीचे आहे, कारण धरणाखालच्या खोऱ्यात पडणारा पाऊस, मधल्या नद्या आणि हरिपूरला कृष्णेला मिळणाऱ्या वारणेची स्थिती, या सगळ्यांवर ती पातळी ठरते. सोपे केलेले वाक्य खरे आहे की खोटे, हे पाहण्यासाठी मी एक कसोटी वापरतो : ऐकणारा त्या वाक्यावर विश्वास ठेवून वागला तर त्याचे नुकसान होईल का? विसर्ग कमी आहे असे ऐकून कोणी जनावरे गोठ्यातच ठेवली आणि रात्री मधल्या पावसाने पाणी चढले, तर ते वाक्य सोपे असून काय उपयोगाचे? “धरणाच्या पाण्याइतकेच मधल्या पावसाकडे लक्ष ठेवा,” हे वाक्यही सोपेच आहे आणि त्यात खोट नाही.

विद्वत्तेविषयी म्हणाल, तर आपल्याकडे तिची जुनी आणि कसदार रीत आहे ती कीर्तनाची. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगाला एक अभंग किंवा पद घेतो, त्याचे निरूपण करतो, आणि उत्तररंगात एकच आख्यान लावतो, जे त्याच निरूपणाला आधार देते. वारकरी कीर्तनातही निरूपणाला अभंग एकच असतो. प्रमाणे कितीही दिली तरी बुवा फिरून त्याच अभंगाच्या ध्रुपदावर येतात. त्यांना बाकीचे अभंग येत नाहीत असे कोणी म्हणत नाही! गाडगेमहाराज तर त्याच्याही पुढे गेले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय तुमच्या कराडात आहे ते हे संत दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात आपल्या वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारत. कर्ज काढून सण का करता, देवाच्या नावाने मुके जनावर का मारता? उत्तर गर्दीतूनच येई. उत्तर स्वतःच्या तोंडून निघाले की ते वेगळे पाठ करावे लागत नाही. तुमच्या व्याख्यानात असे दोन प्रश्न जरी बसवता आले तरी जांभया निम्म्यावर येतील. उरलेल्या निम्म्या जेवणानंतरच्या वेळेमुळे असतात. त्यावर वक्त्याकडे उपाय नाही, संयोजकांकडे आहे.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून वक्तृत्व स्पर्धांत भाग घेते. सात मिनिटांच्या भाषणात सुरुवातीचा शेर, व्यासपीठावरील सर्वांचा उल्लेख आणि थोरांची वचने यांत दीड-दोन मिनिटे जातात. हे केले नाही तर गुण कमी मिळतील अशी भीती वाटते. काय ठेवावे आणि काय गाळावे?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : “सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि मित्रहो” एवढे संबोधन पुरते, त्याला पाच सेकंद लागतात. मी काही स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहे, आणि एकच शेर एका दुपारी चार मुलांच्या तोंडून ऐकल्यावर पाचव्याने तो सुरू केला की हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो. वचने सगळी गाळा. विषय काहीही असो, तुम्ही स्वतः पाहिलेला एक प्रसंग घ्या आणि त्यावर तीन मिनिटे द्या : एस.टी. स्टँडवरचा, वसतिगृहातला, शेतातला, कुठलाही. माणसे, जागा, कोणी काय म्हटले, हे सगळे नेमके सांगा. मग त्या प्रसंगातून निघणारा एकच मुद्दा मांडा.

पाठ झाले की भाषण घरातल्या अशा व्यक्तीला ऐकवा जिला स्पर्धेचा विषय माहीत नाही. आजी असतील तर उत्तमच. लगेच काही विचारू नका. रात्री जेवणे झाल्यावर सहज विचारा, “आजी, सकाळी मी काय म्हटलं होतं गं?” त्या जे सांगतील तेवढेच तुमचे भाषण परीक्षकांपर्यंत पोहोचणार आहे. त्यांनी प्रसंग सांगितला आणि मुद्दा सांगितला नाही, तर प्रसंग बदलू नका, मुद्द्याचे वाक्य आखूड करा.

वेळेचे म्हणाल, तर मोबाइलवर सात ऐवजी सहा मिनिटांचा गजर लावून सराव करा, कारण मंचावर आपण घरच्यापेक्षा सावकाश बोलतो किंवा घाईत अडखळतो, आणि दोन्हींत वेळ जातो. पुष्कळ स्पर्धांत शेवटचे मिनिट उरले की पहिली घंटा वाजते. त्या वेळी नवा मुद्दा काढू नका. चालू असलेले वाक्य पुरे करा, मुद्द्याचे वाक्य एकदा म्हणा आणि दुसरी घंटा वाजायच्या आत जागेवर जाऊन बसा.