रेघांखालचा समुद्र : वाचकांच्या शंका

मागच्या अंकात अरबी समुद्राच्या तळाखालचा एक सिस्मिक सेक्शन (आवाजाच्या प्रतिध्वनींवरून काढलेलं तळाखालचं उभं चित्र) छापला होता, नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा, त्यावर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. एकाने तर विचारलंय हा कुणाचा ईसीजी आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार शंका घेतो.

सर, या रेघांवरून इथे किनारा होता, तिथे खोल समुद्र होता हे कसं सांगतात? ऑनलॅप, डाउनलॅप सगळं पाठ झालंय पण डोक्यात बसत नाही. – एमएस्सी जिऑलॉजीची विद्यार्थिनी, नांदेड

बसणार कसं, टर्म आधी शिकवतात आणि पाणी नंतर. तू उलटं कर. सेक्शन समोर आला की एवढंच विचार, इथे पाणी काय करत होतं?

त्याआधी एक पक्कं कर, रेघ म्हणजे थर नाही. जहाज एअरगनने हवेचा दणका देतं, मागे काही किलोमीटर लांब केबल ओढत असतं त्यात हायड्रोफोन म्हणजे पाण्यातले माइक असतात, आणि जिथे जिथे खडकाची घनता गुणिले आवाजाचा वेग हा आकडा बदलतो तिथून प्रतिध्वनी येतो, तीच रेघ. म्हणजे दोन थरांमधली हद्द. आणि उभ्या पट्टीवर बहुतेक वेळा मीटर नसतात, सेकंद असतात, आवाज जाऊन परत यायला लागलेले.

आता पाणी. लांबच लांब, एकमेकींना समांतर, वहीच्या ओळींसारख्या रेघा दिसल्या की समजायचं पाणी शांत होतं, बारीक गाळ वरून सावकाश पडत होता. तिरप्या, पुढे पुढे सरकत गेलेल्या रेघा दिसल्या तर भरावाचा रस्ता आठव. डंपर कडेला येऊन माती ओततो, ती उतारावरून घरंगळते, कड थोडी पुढे जाते, मग पुढचा डंपर. नदी मुखाशी हेच करते, त्याला क्लिनोफॉर्म म्हणतात. मजा अशी की या तिरप्या रेघेची उंची मोजली, म्हणजे वरच्या कडेपासून पायथ्यापर्यंत, की तेव्हा तिथे पाणी साधारण किती खोल होतं याचा अंदाज येतो (गाळ नंतर दबतो, ते धरून चाल). तुझं ते डाउनलॅप म्हणजे या तिरप्या रेघा पायथ्याशी जिथे टेकतात ती जागा, आणि ऑनलॅप म्हणजे खळगा भरत येताना आडवा गाळ बाजूच्या उताराला टेकत टेकत वर चढतो ते. झालं पाठांतर.

खोल समुद्रात अजून एक आकार सापडतो, मध्ये खाच आणि दोन्ही बाजूंना निमुळते होत गेलेले काठ, पक्ष्याने पंख पसरल्यासारखे. समुद्रतळावरून गाळाचे लोट वाहतात, चॅनलमधून बाहेर सांडतात आणि स्वतःचेच बांध घालत जातात. सिंधू नदीच्या गाळाचा जो प्रचंड पंखा अरबी समुद्रात पसरलाय, तिथे हे भरपूर. आणि कागदावरचे उतार बघून घाबरू नकोस, उभी स्केल ताणलेली असते, एक-दोन अंशांचा उतारसुद्धा तिथे हरिश्चंद्रगडाच्या कड्यासारखा दिसतो.

रेघांवरून सांगितलेलं खरंच तसं निघालं, असं आपल्या बाजूचं एखादं उदाहरण आहे का? की सगळा अंदाजपंचे कारभार? – एक वाचक, पुणे

पुणेकर आहात, विचारणारच. आहे उदाहरण, आणि दणदणीत आहे.

लक्ष्मी बेसिन नावाचा खोलगट भाग आहे अरबी समुद्रात. तिथल्या सिस्मिकवर वर समांतर रेघा, खाली समांतर रेघा आणि मध्ये शेकडो मीटर जाडीचा एक पट्टा ज्यात काहीच लागत नाही, रेघा तुटक, वेड्यावाकड्या, कुठे नुसताच धूसर चोथा. शिवाय या पट्ट्याचा तळ खालच्या रेघांना कापत जातो. शांतपणे पडलेला गाळ खालच्याला कापत नाही. म्हणजे काहीतरी खरवडत आलं आणि बसलं. वाचणाऱ्यांनी सांगितलं, ही समुद्राखालची दरड आहे, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उत्तरेकडच्या उतारावरून, सौराष्ट्राच्या बाजूने कोसळलेली. लांबी सुमारे ३३० किलोमीटर, रुंदी १९० च्या आसपास, माल अंदाजे १९ हजार घन किलोमीटर. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे जेमतेम ३ घन किलोमीटर, तेव्हा सहा हजारांहून जास्त कोयना भरतील एवढा राडारोडा. नाव ठेवलं नटराज. तांडवच ते.

२०१५ साली आयओडीपीच्या (समुद्रतळात भोकं पाडून अभ्यास करणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम) ३५५व्या मोहिमेत ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे ड्रिलिंगचं जहाज कोलंबोहून निघालं, लक्ष्मी बेसिनमध्ये भोकं पाडली आणि मे अखेरीला मुंबईला लागलं. मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते धनंजय पांडे, गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे. एक भोक साधारण राजापूरच्या सरळ पश्चिमेला, किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, पाणी साडेतीन किलोमीटरच्या वर खोल. त्या चोथ्याच्या जागी कोअरमध्ये, म्हणजे भोकातून वर काढलेल्या दंडगोल नमुन्यात, काय आलं? उथळ पाण्यात तयार होणाऱ्या चुनखडीचे तुकडे, चिखलात कालवलेले! एवढ्या खोल पाण्यात ते आपणहून तयार होत नाहीत, वरून आलेच पाहिजेत. वय निघालं सुमारे १ कोटी ८ लाख वर्षं. तर रेघा वाचणाऱ्यांनी आकारावरून ‘दरड’ बरोबर ओळखली होती, पण आतला माल नेमका काय आणि केव्हाचा हे भोकातूनच कळलं, सिस्मिक एकट्याने ते सांगत नाही आणि जो सांगतो असं म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

नवशिके कुठे हमखास फसतात? – तीच नांदेडची विद्यार्थिनी

मी कुठे फसलो ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी चार सेकंदांवर मला एक सुंदर ठळक रेघ दिसली, दुपारभर बसून हिरव्या पेन्सिलीने रंगवली, बाजूला ‘जुना समुद्रतळ’ असं लिहिलं. साहेब आले, काही बोलले नाहीत, पट्टी ठेवली. समुद्रतळ दोन सेकंदांवर. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, तिथे पाणी दीड किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दोन सेकंद, आणि तोच आवाज पाण्यात अजून एक फेरी मारून आला की बरोब्बर चार. मल्टिपल! भूत रंगवलं होतं मी. तेव्हा आधी भुतं काढ, मग आकार बघ. तसंच चुनखडीच्या जाड थरातून आवाज जोरात पळतो म्हणून त्याखालच्या सपाट रेघा उगाच फुगलेल्या दिसतात, आणि गॅस असेल तर उलट खाली लोंबतात.

आमच्या बोटीवरच्या फिश फाइंडरवर तळाच्या खालचं का नाही दिसत? आणि पन्नास वावाच्या (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) बाहेर कधीकधी जाळ्यात चुन्याचे खडे येतात, ते कसले? – एक मच्छीमार, रायगड जिल्हा

दादा, तुमचं यंत्र आणि आमचं यंत्र भाऊ-भाऊच, फक्त पट्टी वेगळी. फिश फाइंडरचा आवाज फार बारीक, ५० किंवा २०० किलोहर्ट्झ, मासा स्वच्छ दिसतो पण चिखलात शिरला की दम संपतो. साडेतीन किलोहर्ट्झवाला प्रोफायलर, म्हणजे तळाखालचे वरवरचे थर दाखवणारं यंत्र, चिखलात काही डझन मीटर उतरतो. तेलवाले ३०-४० हर्ट्झचा घोगरा आवाज वापरतात, तो किलोमीटरनं खाली जातो पण मग पंधरा-वीस मीटरपेक्षा पातळ थर त्याला नीट वेगळे दिसत नाहीत. खोल पाहिजे तर बारकावा सोडा, बारकावा पाहिजे तर खोली सोडा. आणि कोकणच्या किनाऱ्याजवळच्या चिखलात बऱ्याच ठिकाणी गॅस अडकलाय, आत कुजलेल्या सेंद्रिय मालाचा, त्यामुळे प्रोफायलरलासुद्धा तिथे खालचं दिसत नाही, नुसता काळा धूर.

खड्यांचं म्हणाल तर मुंबईसमोर बाहेरच्या बाजूला चुनखडीचं मोठं पठार आहे, नकाशावर त्याचं नावच ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’, म्हणजे तुमचेच पन्नास वाव! सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता, तेव्हा हा भाग किनाऱ्याच्या आसपास होता, आणि मग पाणी चढत गेलं तसा इथे उथळ पाण्यातला चुना साचला. नद्यांचा चिखल आजही आतल्या बाजूलाच अडकतो, तिथवर फारसा पोचत नाही, म्हणून ते खडे अजून उघडे आहेत. प्रोफायलरवर तिथे एक कडक काळी रेघ येते आणि खाली काही नाही, आवाज आत शिरतच नाही. पुढच्या वेळी खडा आला तर लगेच फेकू नका, ओला असतानाच फोटो काढा, आत शिंपले दिसतात का बघा, आणि किती वावात मिळाला ते लिहून ठेवा.