शिलाई मशीनवर शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची बॉबिन, म्हणजे छोटं रीळ, बसतं त्या डबीचा) स्क्रू फिरवावा का?

नाही, त्या स्क्रूला हात लावू नका. गुंता खाली दिसला तरी बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. जुनी मशीन उघडून दुरुस्त करण्याची मला हौस आहे, त्यात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. प्रत्येक टाक्याला खालचा हूक वरच्या दोऱ्याचा फास बॉबिनभोवती फिरवतो आणि वर-खाली होणारा टेक-अप लिव्हर तो परत ओढून घेतो. दोरा लिव्हरमधून निसटला किंवा त्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसला नाही, तर सैल फास कापडाखाली साचत जातो. म्हणून दोरा पूर्ण काढा, फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला, लिव्हर सगळ्यात वर आणा आणि मगच पुन्हा ओवा. फूट खाली असताना बहुतेक मशीनमध्ये चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत शिरतच नाही. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं फुटाच्या मागे धरून ठेवा. तरीही गुंता झालाच तर सुई बदला आणि सुईखालची प्लेट काढून ब्रशने कचरा साफ करा. फुंकर नको, कचरा आणखी आत जातो. मात्र खालचा दोरा कापडाच्या वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसत असेल, तर दुखणं वेगळं आहे: वरचं टेन्शन थोडं कमी करा.