आर्ट टीचरची नोकरी घेतली तर स्वतःचं पेंटिंग सुटतं का?

तुमचं जीडी आर्ट (चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा) झालंय, कॉलेजात शिकवायची ऑफर आलीये आणि भीती वाटतेय की पगार सुरू झाला की ब्रश सुटेल. खोटं कशाला सांगू, सुटू शकतो. मी एटीडी (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) करून 14 वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवतोय. पाहुणे आले की फलकलेखन आमच्याकडे, गॅदरिंगचा बॅकड्रॉप आमच्याकडे, आणि परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला. पहिली पाच वर्षं मी स्वतःसाठी एक कॅनव्हास ताणला नाही आणि खापर फोडलं नोकरीवर.

मग चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्याबद्दल वाचलं आणि जरा लाज वाटली. मूळचे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी, 1950 ला बडोद्याला फाइन आर्ट्स फॅकल्टीत पेंटिंगचे हेड म्हणून गेले, 1959 ला डीन, म्हणजे मीटिंगा, सह्या, ॲडमिशनची कटकट सगळं आलंच की, तरी मधेच 1955 ला त्यांच्या 'द थॉर्न' या चित्राला ललित कला अकादमीचं राष्ट्रीय पारितोषिक. पोरांसमोर स्वतः रंगवून दाखवायचे, म्हणजे तासातही हात चालूच. आणि मला सगळ्यात भारी काय वाटतं तर त्यांचे विद्यार्थी. ज्योती भट्ट प्रिंटमेकिंगमध्ये (ठसे घेऊन चित्रं छापायची कला) गेले, वर कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यातल्या रांगोळ्या, भिंतींवरची चित्रं टिपत फिरले, गुलाममोहम्मद शेख, शांती दवे, हकू शाह, प्रत्येकाची वाट वेगळी, कुणीच सरांची कॉपी नाही. आमच्याकडे तर सरांसारखा डोंगर काढला नाही की मार्क कापतात!

1966 ला त्यांनी बडोदा सोडलं, पुढं 1992 ला जाईपर्यंत रंगवत राहिले. त्या काळातलं ठिपक्यांचं एक चित्र मी मुंबईत पाहिलंय. वीतभर अंतरावरून नुसती निळी-केशरी टिंबं, काही कळेना, चार पावलं मागं सरकलो तर बाई बसलेली. वॉचमन बघायला लागला इतक्या वेळा मागंपुढं केलं.

तर ऑफर घ्या, फक्त जॉइन व्हायच्या आधी टाइमटेबल बघून घ्या, आणि वर्गात पोरांना काम देऊन खुर्चीत बसू नका, त्यांच्याबरोबर तुम्हीही काढा. मी आता तेच करतो. सातवीतली एक पोरगी परवा म्हणाली, सर तुमचं झाड वाकडं आलंय. आलं होतं खरं.