स्वेटर काढताना होणारी चटचट आणि आभाळातली वीज एकच का? असेल तर आमच्या दमट कोकणात चटचट होत नाही, मग विजा कशा पडतात?

एकच. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मजेशीर आहे.

मी देवगडकडचा. नोकरीसाठी पुण्यात आलो तोवर ही चटचट मला ठाऊकच नव्हती. पहिल्याच डिसेंबरात अंधारात स्वेटर डोक्यातून काढला आणि निळसर ठिणग्या उडाल्या. घाबरून आधी दिवा लावला! घरी असं कधी झालं नव्हतं, कारण दमट हवेत कपड्यांवर, कातडीवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि साठू पाहणारा विद्युतभार त्यावरून निसटून जातो. म्हणजे साठवण बिघडते ती ओलसर पृष्ठभागामुळे. ढगातले कण तर अधांतरी असतात, तिथला भार निसटून जाणार कुठे?

स्वेटर अंगावर घासून भार साठतो, मग तिथे घासतं काय? ढगावर ढग आपटतो असं आम्हाला लहानपणी सांगायचे, ते विसरा. सगळं एकाच ढगाच्या पोटात चालतं. मेअखेरीस दुपारी सह्याद्रीच्या बाजूला काळे ढग उभे चढतात. बऱ्याच उंचीवर, शून्याखाली १० ते २० अंशांत, बर्फाचे बारीक स्फटिक वर जाताना मऊ गारांवर आपटतात. स्फटिकांवर बहुधा धनभार येतो, गारांवर ऋण. हलके स्फटिक माथ्याकडे जातात, जड गारा खाली राहतात, आणि दोन भार एकमेकांपासून किलोमीटरभर लांब पडतात.

म्हणूनच आपल्याकडे जुलैत चोवीस तास धो धो ओततो, पण विजा त्या मानाने कमी. ते ढग बुटके, पुष्कळसं पाणी गोठायच्या आधीच खाली येतं. विजांचा खरा धिंगाणा पाऊस लागण्याआधी आणि पुन्हा ऑक्टोबरात, नेमकं भात कापणीला आलेलं असताना.

बाकी फरक आकाराचा. बोटातून कडीला बसणारी ठिणगी काही मिलिमीटरची, तिच्यामागे काही हजार व्होल्ट. आभाळातली काही किलोमीटर लांब, तिच्यात साधारण ३०,००० अँपिअर आणि वाटेतली हवा ३०,००० अंशांपर्यंत तापते. ती हवा एकदम फुगते, तोच गडगडाट. स्वेटरची ‘चट’ हाही गडगडाटच, फक्त पिटुकला. आणि ‘स्थिर विद्युत’ म्हणतात त्यातलं ‘स्थिर’ ते साठलेल्या भाराला. वीज पडते तेव्हा तो वाहायला लागलेला असतो.

माडावर पडली की आतलं पाणी क्षणात वाफ होतं, म्हणून बुंधा उभा चिरतो. आमच्या कुंपणावरच्या माडाचं तसंच झालं, शेंडाही करपला. बाबा दरवर्षी म्हणतात, पावसाआधी तोडूया. हे तिसरं वर्ष.