भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागेल का, हे नेमकं कुठे तपासावं?

टिमॅटिकवर. हे आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं साधन. चेक-इन काउंटरवर एअरलाइनचे कर्मचारी हेच बघतात, आणि बऱ्याच एअरलाइन्सच्या साइटवर ते मोफत वापरता येतं. नागरिकत्व, पासपोर्टची मुदत, राहता देश आणि जायचा देश भरा.

चूक होते ती ट्रान्झिटच्या, म्हणजे वाटेत विमान बदलायच्या ठिकाणाच्या रकान्यात. तो रिकामा सोडू नका! मुंबई–लंडन–साओ पाउलो घ्या: लंडनला विमानतळाबाहेर पाऊलही टाकणार नसलात, तरी भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते, म्हणून हातातले व्हिसाही भरा. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागू शकतं. मग नियम बदलतो. तिकीट काढण्याआधी एकदा, निघण्यापूर्वी पुन्हा तपासा. शेवटी वकिलातीची साइट बघाच.