दूध तोडलं की पिल्लं का हगतात?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, निफाडजवळ माझं छोटं वराहपालन आहे. यॉर्कशायर जातीच्या पाच माद्या. एक व्हिडिओ पाहून या जानेवारीत २८व्या दिवशी पिल्लांचं दूध तोडलं. चौथ्या दिवशी पाण्यासारखी हगवण लागली. मेडिकलवाल्याने दिलेली पावडर पाण्यातून पाजली, दोन दिवस थांबली, परत सुरू. दहाव्या दिवशी सगळ्यांत गुबगुबीत पिल्लू डोळे सुजून, झोकांड्या खात मेलं. खाद्य चांगलं देतो, निम्मा मका भरडा आणि निम्मी सोयापेंड. आता कोणी प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, पुड्या सांगतं, कोणी दही. काय करू?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : त्या ‘चांगल्या’ खाद्यापासूनच सुरुवात करू. सोयापेंडीत प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास, मक्यात नऊ. निम्मं-निम्मं केलं की २७ टक्के झाली. महिन्याच्या पिल्लाला एवढी पचत नाहीत. न पचलेली पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे कुजतात. ई. कोलाय नावाच्या जिवाणूला आयती पंगत!

आईच्या दुधावर असताना पिल्लाच्या पोटात लॅक्टोबॅसिलस या चांगल्या जिवाणूंचं राज्य असतं. दुधातली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात. पिल्लाच्या जठराला स्वतःचं आम्ल अजून पुरेसं करता येत नाही, म्हणून या आम्लावरच बरंचसं भागतं. शिवाय दुधातून आईची रोगाशी लढणारी प्रतिपिंडं रोज मिळतात, आतड्याला जणू लेप बसतो. तुम्ही मादी बाजूला काढली आणि त्याच दिवशी साखर बंद, प्रतिपिंडंही बंद. दाणा पचवणारे प्रिव्होटेलासारखे जिवाणू जम बसवायला वेळ घेतात. मधल्या दिवसांत घर रिकामं, दार उघडं.

त्यात पिल्लू रुसतं. पहिला दिवस काही खात नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वखवखल्यासारखं खातं. उपाशी राहिल्याने आतड्याच्या आतली मखमल झिजून आखूड होते. मग ई. कोलायचे काही वाण भिंतीला चिकटतात, विष सोडतात आणि अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. बहुतेक पिल्लं जुलाबापेक्षा पाणी आटल्यानेच दगावतात. तुमच्या गुबगुबीत पिल्लाची लक्षणं सूजरोगाची वाटतात. तोही ई. कोलायचाच उद्योग. त्याचं विष रक्तात जातं, पापण्या सुजतात, तोल जातो. जे जास्त खातं त्यालाच बहुधा गाठतो.

एक कबुली देते. नोकरीच्या सुरुवातीला सिन्नरकडच्या एका पालकाकडे मी सलग तीन विणींना हगवणीची इंजेक्शनं दिली. चौथ्या वेळी पहाटे साडेपाचला गेले, तर ओल्या कोब्यावर पिल्लं एकावर एक ढीग करून कुडकुडत होती. रोज संध्याकाळी फरशी धुतली जायची. ते मी तीन वेळा विचारलंच नव्हतं. तुमच्या निफाडच्या थंडीबद्दल मी काय सांगायचं? दूध तुटलेल्या पिल्लाला २५ ते २८ अंश ऊब लागते. कोरडं भुसकट, रात्री गोणपाटाचे पडदे, वर एक दिवा.

पुढच्या विणीला असं करा. दहाव्या दिवसापासून पसरट भांड्यात मूठभर खाद्य ठेवा, रोज ताजं. दूध ४२ ते ४५ दिवसांनी तोडा. २८ दिवसांचा हिशेब तयार दूधयुक्त खाद्य आणि गरम शेड असणाऱ्यांचा. तोडताना पिल्लं हलवू नका, मादी हलवा. दोन विणींची पिल्लं त्याच दिवशी एकत्र केलीत तर त्यात भांडणांची भर. पहिले दोन आठवडे शंभर किलोत मका ६०, गव्हाचा कोंडा १५, सोयापेंड २२, मीठ व खनिज मिश्रण मिळून तीन. प्रथिनं १८च्या आसपास येतील. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. कच्चं सोयाबीन मात्र अजिबात नको.

दही-ताक द्या, आंबटपणाचा फायदा होतो. पण विरजणातले जिवाणू पिल्लाच्या आतड्यात मुक्कामाला राहत नाहीत, रोज द्यावं लागतं. पुड्यांचंही तेच. बाकी सगळं चुकलेलं असताना पुडी काही करत नाही.

आणि ती पावडर! पाकिटावर ‘कोलिस्टिन’ हे प्रतिजैविक आहे का पाहा. २०१९ पासून आपल्याकडे, ज्यांचं मांस, दूध, अंडी माणूस खातो त्या जनावरांसाठी त्याच्या विक्रीला बंदी आहे, कारण माणसासाठी ते शेवटच्या फळीतलं औषध. हगवण रोखायला खाद्यातून देत त्या झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्राही युरोपने २०२२मध्ये बंद केल्या. हगवण लागली की आधी जलसंजीवनी पाजा, खाद्य निम्मं करा आणि औषध शेणाचा नमुना तपासून डॉक्टरांकडूनच घ्या.

प्रश्न : हॉटेलचं उरलेलं अन्न दूध तुटलेल्या पिल्लांना चालेल का?
— एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : पहिले काही आठवडे नको. मिसळीची तर्री पचवणं नाशिककरालाही कधी कधी जड जातं. मोठ्या डुकरांना देताना अर्धा तास ढवळत खळखळ उकळा, डुकराचं मांस त्यात असता कामा नये. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग असाही पसरतो, त्यावर औषध नाही. ताप, कान जांभळे, मोठी डुकरंही पटापट मरताहेत असं दिसलं, तर एकही जनावर बाहेर न हलवता त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवा.